मधली जागा

शिट्टी दातांत धरून मी वाळूत उभा होतो आणि ती फुंकायची कुणासाठी, तेच दिसत नव्हतं. धुकं असं काही उतरलं होतं की स्वतःचे पाय बघायचे तर वाकावं लागे. समोर समुद्र आहे एवढं कानांना कळत होतं. डावीकडे दीडशे पावलांवर वरच्या वाडीची माणसं दोरी धरून उभी होती, उजवीकडे तेवढ्याच अंतरावर खालच्या वाडीची. दोन्हीकडून खोकला ऐकू येत होता, कुणाची तरी काकणं किणकिणत होती, पण एक माणूस दिसेल तर शपथ.

पौष महिना होता, साल अठ्ठ्याहत्तर असावं. मी चौतिशीत होतो आणि धोंडवळच्या रापण संघाचा तांडेल, म्हणजे म्होरक्या, होऊन मला पुरते दोन महिनेही झाले नव्हते.

रापण ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. बेचाळीस घरांचं मिळून एकच जाळं. होडी ते घेऊन पाण्यात शिरते, मोठा अर्धगोल वळसा घालते आणि दोरीचं दुसरं टोक पार लांब किनाऱ्याला आणून देते. मग दोन्ही टोकांना माणसं लागतात, बायका, पुरुष, म्हातारेकोतारे, सगळे, आणि तास-दोन तास ओढत राहतात. दोन्ही बाजू सारख्या आल्या तर मासळी मधल्या खोळीत गोळा होते. एक बाजू पुढे गेली नि दुसरी मागे राहिली, तर मागच्या बाजूला वाट मोकळी राहते. मासळीला काय, वाट दिसली की ती निघाली. म्हणून दोन टोकांच्या मध्ये तांडेल. त्याने दोरीला हात लावायचा नाही असा रिवाज. का, ते कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि आमच्याकडे रिवाजाला कारण विचारणं म्हणजे देवाला जन्मतारीख विचारणं.

माझ्याआधी तीस वर्षं लाडोबाकाका कुबल तांडेल होता. त्याचे गुडघे गेले तेव्हा देवळापुढच्या बैठकीत त्याने माझं नाव घेतलं. अर्ध्या लोकांनी माना डोलावल्या, अर्ध्यांनी खाली घातल्या. मी मुंबईत नऊ वर्षं एका कारखान्यात मुकादमकी करून आलेला. माणसांकडून काम कसं करून घ्यायचं ते मला कळतं असं माझं मत होतं, आणि ते मत मी चारचौघांत बोलूनही दाखवी. बैठकीहून परतताना मी काकाला विचारलं, तांडेलाने नेमकं करायचं काय असतं?

"मधी रवाचा," तो म्हणाला.

मी पुढच्या वाक्याची वाट बघत त्याच्या घरापर्यंत चालत गेलो. पुढे काही आलंच नाही. मध्ये राहायचं! म्हातारा झालाय बिचारा, मी मनात म्हटलं, आणि मुंबईहून शिट्टी मागवली. एक फुंक म्हणजे ओढा, दोन म्हणजे थांबा. कारखान्यात तीनशे माणूस याच्यावर चालायचं.

त्या सकाळी मात्र रापणच राहते की जाते अशी वेळ आली होती. तीन आठवडे जाळ्याला शेवाळ आणि खेकडे सोडून काही लागलं नव्हतं. एक ट्रॉलरवाला शेठ खालच्या वाडीत येऊन अठरा घरांना कामाचं वचन देऊन गेला होता. खालच्या वाडीचा पुढारी तातू खडपकर, माझ्याहून चार वर्षांनी लहान, जिभेचा तिखट पण दोरीवर दोन माणसांचा माणूस. त्याने मला तोंडावर सांगून टाकलं होतं की आजची दोरी ओढू, आणि संध्याकाळी शेठला हो म्हणू. अठरा घरं गेली की उरलेल्या चोवीस घरांना ते जाळं पाण्याबाहेर काढणंसुद्धा जमलं नसतं. माझ्या पणज्याने ओढलेली रापण माझ्या दोन महिन्यांत बुडणार होती. तोंड दाखवायला जागा उरली नसती. आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि दैव बघा. झुंजूमुंजू व्हायला आणि पुंडलिक मेतर टेकडीवरून धावत खाली यायला एकच गाठ पडली. पुंडलिक वरच्या वाडीचा, साठीचा माणूस. पाण्याचा रंग वाचावा तर त्यानेच. पाण्याला काळोखी आलीय म्हणाला. बांगड्यांचा थवा, आणि तो केवढा ते दाखवताना त्याचे हात पुरेनात. होडी गेली, जाळं पडलं, दोरीचं टोक खालच्या वाडीच्या हातात आलं, आणि त्यानंतर हे धुकं. समुद्रावरून आलं म्हणावं तर वारा नव्हता. जागच्या जागी वाळूतून वर आल्यासारखं आलं आणि सगळं गाव पुसून टाकलं.

मी एक फुंक मारली. दोन्हीकडे दोऱ्या ताणल्याचा करकर आवाज झाला. इथवर बरं होतं. पण थोड्या वेळाने वरची वाडी जरा घाईत आहे असं वाटलं म्हणून त्यांच्यासाठी दोन फुंका मारल्या, तर खालची वाडी थांबली. खालच्यांसाठी एक मारली, तर वरचे सुसाट सुटले. शिट्टी कुणाच्या नावाने वाजतेय हे धुक्यात कुणाला कळणार? शेवटी तातूचा आवाज आला की ती पिपाणी खिशात घाल, आणि दोन्ही वाड्या हसल्या. तेवढं एक मात्र त्यांनी बरोबर मिळून केलं. मी शिट्टी खिशात घातली आणि चालायला लागलो.

दोरीला दहा-दहा वावांवर, म्हणजे पसरलेल्या दोन हातांची दहा मापं सोडून, चिंध्या बांधलेल्या असतात, त्यावरून कोण किती ओढून झालं ते कळतं. वरच्या टोकाला गेलो तेव्हा त्यांची तिसरी चिंधी वाळूवर आलेली. खालच्या टोकाला पोचलो तेव्हा त्यांचीही तिसरी. पुढच्या खेपेला पाच आणि चार. त्याच्या पुढच्या खेपेला सात आणि पाच. वरच्यांना मी हळू घ्या म्हटलं, तर पुंडलिक मागे न बघता म्हणाला की मासळी कुणासाठी थांबत नाही, खालच्यांना हात हलवायला सांग. माझी बायको शेवंती त्याच दोरीवर होती. केसांवर दव, पदर कमरेला खोचलेला. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा दोरी ओढायला लागली. खालच्यांना मी जोर लावा म्हटलं, तर ते म्हणाले, वरच्या वाडीला नेहमीच पुढेपुढे करायची खोड. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. नुसता निरोप्या झालो होतो मी.

आणि मधला तो पट्टा. दोन्ही टोकांच्या बरोबर मध्ये तीस-चाळीस पावलं अशी होती की धुकं आणखी दाटल्यावर तिथे कुठल्याच बाजूचं काही ऐकू येत नसे. माणसं नाहीत, दोरी नाही, आकाश आणि वाळू एकाच रंगाची. लाट यायची, पायाला लागायची तेव्हा कळायचं की आली. तिथे पाऊल टाकलं की वाटे, आपण चालतोय की उभेच आहोत? त्या पट्ट्यात मला माझा बाप भेटला म्हटलं तर तुम्ही हसाल. दिसला नाही, पण त्याचं गुणगुणणं ऐकलं मी, दोरी ओढताना तो नाकात गुणगुणायचा ते. मागे वळलो तर नुसतं पांढरं. बाप जाऊन अकरा वर्षं झाली होती. मग वाटलं, काठावरच्या सुरूंमध्ये उपड्या होडीवर लाडोबाकाका बसलेला असेल, रोज सकाळी त्याचा मुलगा त्याला तिथे आणून बसवतो, त्याला जाऊन विचारावं. पण सुरू कुठल्या बाजूला होते तेही कळेना.

सांगायला आता लाज वाटत नाही, त्या पट्ट्यात मी एकटा पडलो होतो. आयुष्यात इतका एकटा मी मुंबईतही नव्हतो. दोन्हीकडे माणसं खांद्याला खांदा लावून उभी, घामेजलेली, एकमेकांना शिव्या देणारी; आणि मी मध्ये रिकाम्या हातांनी येरझारा घालतोय, खुळ्यासारखा.

चौथ्या खेपेला खालच्या टोकाशी आलो तेव्हा तातूच्या मागे दोरीवर जागा मोकळी झाली होती. एक बाई लेकराला पाजायला बाजूला गेली होती. मी क्षणभर बघत राहिलो आणि ती दोरी धरली.

"दिगूदादान दोरी धरल्यान रे," मागून कुणीतरी म्हणालं, आणि तो शब्द माणसामाणसातून मागे सरकत गेला.

काय सांगू तुम्हाला, ओळ बदललीच. माणसं गप्प झाली आणि जोर आला. तातूने मान वळवून बघितलं आणि पुढच्या हिसक्याला त्याने मला ताल दिला. ओली काथ्याची दोरी तळव्यांतून सरकत होती, कातडं सोलवटत होतं, आणि मला सुख होत होतं. हेच, म्हटलं, हेच पाहिजे होतं. लोकांत मिसळलं पाहिजे, त्यांच्याबरोबर घाम गाळला पाहिजे, उगाच मध्ये उभं राहून कुणी पुढारी होत नाही. आपला हात जगन्नाथ. सहावी चिंधी आली. सातवी आली. वरच्यांना गाठलं आपण, मी मनाशी म्हटलं. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. धुक्यात वेळ जात नाही, भोवती साचून राहतो. डोळे मिटूनच ओढत होतो मी, आणि बापाचं गुणगुणणं आता माझ्याच नाकातून येत होतं.

मग तो आवाज आला.

तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा, आधी थोडा, मग एकदम सगळीकडे. आमच्याच समोर, शंभर हातांवर, पाण्यात. दिसत काहीच नव्हतं. नुसता आवाज, तडतड तडतड, आणि तो हळूहळू सरकत सरकत खोल पाण्याकडे निघून गेला. बांगडे वरचेवर उड्या मारतात तेव्हा असा आवाज होतो. आमच्या बाजूची वाट उघडी राहिली होती आणि हजारो बांगडे तिच्यातून एका रांगेत चालते झाले होते. आम्ही सगळे दोरी हातात धरून तो आवाज संपेपर्यंत ऐकत राहिलो. इतकी सुंदर गोष्ट मी पुन्हा ऐकली नाही. मला तिथेच रडू फुटलं. धुकं होतं म्हणून कुणाला दिसलं नाही.

जाळं ओढून वर घेतलं तोवर धुकं विरायला लागलं होतं. खोळीत चार टोपल्या तारली, थोडे खेकडे, शेवाळ. वरच्यांच्या चिंध्या मोजल्या तर बारा. आमच्या आठ. आम्ही जोर लावला तसा त्यांनीही लावला होता, आमच्याहून जास्त.

दोन्ही वाड्या समोरासमोर आल्या आणि तोंडाचे पट्टे सुटले. पुंडलिक म्हणाला, शेठच्या नोकरीवर डोळा ठेवून दोरी धरली की असंच होणार. खालचे म्हणाले, तुम्हाला कुणी पिसाट कुत्रं चावलं होतं एवढं धावायला? तीन आठवड्यांचं, तीन पिढ्यांचं सगळं निघालं. कुणाच्या आज्याने कुणाचं वल्हं चोरलं होतं तेही निघालं. दोन तरण्या पोरांनी एकमेकांच्या गळ्याला हात घातला. हे आता संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबणार नाही, रापण इथेच, या वाळूवर मोडणार, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात तातूने माझं मनगट धरलं आणि माझा तळवा सगळ्यांपुढे उघडा केला. रक्ताने माखलेला.

"दिगूदादा आमच्यावांगडा दोरीक होतो. ह्येचे हात बघा, आणि मगे आमका बोला."

सगळे माझ्या हाताकडे बघायला लागले. पुंडलिकसुद्धा. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. खालची वाडी माझ्या बाजूने उभी होती, ज्या वाडीला धरून ठेवायचं होतं तीच. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी दोष वरच्या वाडीवर गेला असता आणि तातू माझा झाला असता. गप्प राहायला कष्ट पडत नाहीत. मी राहिलोही, चार श्वासांपुरता.

मग शेवंती बोलली. भांडणाच्या सुरात नाही, घरात बोलते तशी.

"आमी तुमची वाट बघित होतो. तुमी येवक नाय, तेवां आमका वाटला सगळा बरोबर हा."

एवढंच बोलली ती, आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. बारा वर्षांचा असल्यापासून मी ती दोरी ओढली होती. लाडोबाकाका ओढताना मध्येच कुठल्यातरी एका बाजूला येऊन उभा राहायचा. म्हशीचं विचारायचा, आईच्या तापाचं विचारायचा, तंबाखू मागायचा. आम्हाला वाटे, म्हाताऱ्याला गजाली मारायच्या आहेत. तो आला की हात आपोआप सैल पडायचे. तो गेला की पुन्हा जोर यायचा. जी बाजू पुढे गेलेली असेल त्याच बाजूला तो येत होता, इतकी वर्षं, आणि आमच्यापैकी एकाच्याही ते ध्यानात आलं नव्हतं. वरची वाडी त्या सकाळी माझी वाट बघत होती आणि मी दोरीवर सुख घेत होतो. मी आलो नाही, म्हणजे ओढा. मी त्यांना सांगितलंच होतं की ओढा.

मी तातूच्या हातातून मनगट सोडवलं.

"चूक खालच्यांची नाय, वरच्यांची नाय," मी म्हटलं. "मी मधली जागा सोडलंय. म्हणान मासळी गेली."

कुणाला समजलं नाही. मग मी सगळं सांगितलं. चिंध्या सात आणि पाच असताना मला माहीत होतं. वरच्यांपाशी जाऊन उभं राहायचं होतं, आणि मी गेलो नाही. का गेलो नाही तेही सांगितलं, की तिथे एकटं वाटत होतं. नव्वद-शंभर माणसांपुढे चौतिशीच्या बाप्याने हे सांगायचं म्हणजे धोतर सोडून उभं राहण्यासारखंच. एक बाई फिसकन हसली आणि मग तिनेच तोंडाला पदर लावला.

ती दोन पोरं एकमेकांचे गळे सोडून माझ्याकडे बघत राहिली. भांडायला आता काही उरलंच नव्हतं. होतो तो मी. पुंडलिकाने मला जे झोडपलं ते इथे लिहिता येणार नाही; उंटावरचा शहाणा हा त्यातला सगळ्यात मऊ शब्द. मी ऐकून घेतलं. प्रत्येक शब्द खरा होता. बोलून बोलून त्याचा आवाज बसला, मग त्याने आपली टोपली उचलली आणि तो गेला. त्याच्यामागून एकेक करून सगळे. शेवंती शेवटी गेली. जाताना तिने माझ्या तळव्याला आपल्या पदराचा फाडलेला तुकडा बांधला.

मी सुरूंकडे गेलो. लाडोबाकाका होडीवर बसून होता. त्याने सगळं ऐकलं असणार. मी त्याला म्हटलं, दुसरा माणूस बघा, मला हे झेपायचं नाही. त्याने समुद्राकडे बघितलं. ऊन पडलं होतं, पाणी तर असं निळं की सकाळ झालीच नव्हती असं वाटावं.

"माझ्या हातानय गेली होती," तो म्हणाला. "दोनदा. पयल्या वेळाक मी लोकांका सांगूक नाय."

"मग?"

"सात घरां गाव सोडून गेली."

कुठली सात घरं ते मला माहीत होतं. आमच्या गावाच्या दक्षिणेला सात जोती आहेत, त्यांच्यावर लहानपणी आम्ही लपाछपी खेळायचो. त्यांची माणसं कशाला गेली ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

काकाच्या मुलाने त्याला घरी नेलं. मी एकटाच जाळं वाळत घालत बसलो. बांधलेल्या हाताने गाठी सुटत नव्हत्या. संध्याकाळी शेठ येणार होता आणि मला त्याच्यापुढे मांडायला काही नव्हतं. मनातल्या मनात मी जाळ्याचा निरोप घेत होतो म्हणा ना.

पावलं वाजली. तातू. एकटा आला होता. त्याने जाळ्याची दुसरी बाजू धरली आणि झटकली. आम्ही दोघांनी ते पुरतं पसरलं. मग तो उभा राहिला, हातांची वाळू झाडली.

"उद्या किती वाजता येवचा?"

मी खाली वाकून उगाच जाळ्याची एक कड सरळ केली.

"साडेपाच," मी म्हटलं. "वरच्या वाडीकय सांग."

तातूने मान हलवली आणि तो वरच्या वाडीच्या वाटेला लागला.